बिनपहाऱ्याची सीमा

दर रविवारी दंतवैद्य आणि त्याची थोरली बहीण एकाच संगणकावर आळीपाळीने साम्राज्यांचा खेळ खेळत. दोघांत मैत्रीचा करार असे. आज ताईची सात शहरं सोडून सगळं जग त्याचं होतं. ताई खिडकी लावायला उठताच त्याने करार मोडला. एका चालीत सातही शहरं पडली; एकाही वेशीवर सैनिक नव्हता. तो ओरडला, "जिंकलं जग! ताई, इतकी गाफील कशी गं?" ताई पडद्याकडे बघत म्हणाली, "गाफील नव्हते रे. तुझ्या बाजूला पहारा ठेवायचं डोक्यातच आलं नाही." मग तिने सहज विचारलं, "सकाळी माझी सही घेतलीस, तो कागद कसला होता? मी वाचलाच नाही." वडिलांच्या घरातला तिचा हिस्सा त्या सहीने त्याचा झाला होता. "घरपट्टीचा गं," तो म्हणाला. "बरं," म्हणत ताईने जग जिंकल्याबद्दल त्याची पाठ थोपटली.