आधी नॉब बंद

ही गोष्ट आल्हाद लिहिणारच नव्हता. स्वतःची एवढी शोभा कोण चारचौघांत मांडतो? पण आईचा गॅसचा ओव्हन "मीच दुरुस्त करतो" असं छाती ठोकून त्यानेच सांगितलेलं, तेव्हा पुढचंही सांगणं आलं.

नॉब फिरवला की नुसतं टक्-टक् व्हायचं, ज्योत काही धरायची नाही. चार व्हिडिओ बघून तज्ज्ञ झालेल्या आल्हादने पंचवीस वेळा टक्-टक् केलं. मग गॅसचा वास सुटला. गडी लगेच साबणाचा फेस करून सिलिंडरच्या नळीला चोपडत बसला. एकही बुडबुडा आला नाही.

तेवढ्यात त्याचा मित्र सारंग आला. "अरे, जिन्यापर्यंत वास येतोय!"

"नळी ठणठणीत आहे," आल्हाद ऐटीत म्हणाला आणि त्याने एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे हात नेला.

सारंगने मनगटच धरलं. "ठिणगी पडेल, गाढवा! काकू आत झोपल्यात!"

सारंगने नॉब बंद केला. तो इतका वेळ पूर्ण उघडाच होता. गॅस गळत नव्हता, आल्हादच सोडत बसला होता. मग रेग्युलेटर बंद करून, खिडक्या उघडून सारंगने काकूंना उठवून गॅलरीत नेलं. परत येऊन ओव्हनमध्ये वाकून बघितलं, तर बर्नरच्या भोकांवर फॉइल अंथरलेली, ज्योत धरणार कशी? ओव्हन स्वच्छ राहावा म्हणून, तीही आल्हादनेच.

गॅलरीतून आईने विचारलं, "झाला का रे दुरुस्त?"

आल्हादला तिच्याकडे बघवेना. तो सारंगला हळूच म्हणाला, "शब्द देतो. पुन्हा वास आला तर आधी सगळं बंद करीन, मग आईला बाहेर नेईन, मग मेकॅनिकला बोलावीन. डोकं लावायचंच झालं, तर सगळ्यात शेवटी. तुला विचारून."