उलटा टी-शर्ट

बाहेरगावचा खेळाडू खोट्या नावानं उतरवला म्हणून संघटनेनं आमच्या तालमीचा फुटबॉल संघ खालच्या गटात टाकला. तिथल्या पहिल्या सामन्याला गॅलरीत मी एकटाच होतो.

तेवढ्यात सर्जेराव येऊन शेजारी टेकले. आमच्याशी कायमची खुन्नस असलेल्या पेठेचे. वीस वर्षं समोरच्या गॅलरीतून आम्हाला शिव्या घालत आलेले. अंगात त्यांच्याच संघाचा टी-शर्ट होता, पण उलटा घातलेला.

"हसायला आलाय व्हय?" मी विचारलं.

"हसतोय कशाला? तुम्ही नसल्यावर जिंकूनसुद्धा जेवण गोड लागंना."

आमच्या पोरांनी गोल मारला. माझ्याआधी तेच उठून ओरडले, मग घसा खाकरत खाली बसले.

"लवकर वर या," ते म्हणाले. "मग टी-शर्ट सरळ घालून येतो आणि बघतो तुमच्याकडं."