मध्ये पडायचं नाही

भाईंदरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत अनुष्का कोपऱ्यात बसून, कोड लिहिणारी माणसं आपसात का भांडतात याचा अभ्यास करत होती. त्या दिवशी नीरजने सगळ्यांसमोर साईराजच्या कोडला कचरा म्हटलं आणि साईराजने स्टीलची बाटली उचलून त्याच्या कपाळात हाणली. कीबोर्डवर रक्त सांडलं, तरी नीरजने साईराजची मान धरून त्याचं तोंड टेबलावर आपटलं.

"अगं, बघतेस काय? सोडव ना त्यांना!" शेजारची सलोनी किंचाळली.

"मला मध्ये पडता येत नाही गं. मी फक्त निरीक्षण करायला आलेय," टाईप करता करता अनुष्का म्हणाली.

त्या मारामारीवर तिने चार पानांचा झकास शोधनिबंध लिहून परिषदेला धाडला. उत्तर आलं, 'विषय उत्तम. पण एकाच घटनेवरून निष्कर्ष काढता येत नाही, आणखी घटना हव्यात.'

एव्हाना नीरजचे टाके निघाले होते, आणि साईराजच्या डब्यातले बोंबील तो हक्काने खायला लागला होता.



उत्तर आलं त्याच दुपारी अनुष्का साईराजच्या कानाशी वाकली, "तुला म्हणून सांगते हां, तुझ्या पाठीमागे नीरज तुझ्या आईवरून काय बोलतो, माहितीय?"