पहिला सोमवार

“जे व्रत आपण केलं नाय, ते दुसऱ्याला सांगू नये,” सासूबाई म्हणायच्या. तनुजानं तसा शब्दही दिला होता. त्या गेल्यावर गारखेड्यातल्या घरी बसून ती उपासतापासांचा ब्लॉग लिहू लागली आणि जाहिरातींतून थोडी मिळकत सुरू झाली. सोळा सोमवारांचा लेख मात्र तिनं नेटवर वाचून लिहिला, नेमका तोच लई चालला. आज सोमवारी एका वाचक बाईचा मेल आला, “ताई, सहाव्या सोमवारीच माझा धीर सुटतोय. तुम्ही कसा धरला होता?” “लिही की कायतरी, तिला काय कळतंय,” नवरा म्हणाला. “मला कळतंय ना.” तिनं लेख काढून टाकला. “अगं, त्याच्यावरच तर ब्लॉग चालतोय.” तिनं बाईला लिहिलं, “मी हे व्रत केलेलंच नव्हतं. आजपासून धरते.” मग सासूबाईंचा गडवा पाण्यानं भरून ती वेरूळच्या ज्योतिर्लिंगाला वाहायला बसकडं निघाली.