केसभर चढी

"बारा तारांची गिटार हवीय, जरा स्वस्तातली दाखवा," मी म्हणाले. "तीस वर्षांनी हातात धरणार आहे."

दुकानदाराने भिंतीवरच्या तीन उतरवल्या. पहिलीच्या तारा इतक्या उंच होत्या की बोटं कळवळली. दुसरी पत्र्याच्या डब्यासारखी वाजत होती. तिसरीचं कडेचं पॉलिश उडालेलं, म्हणून ती परवडत होती. मी ती मांडीवर घेतली.

"मॅडम, सहा तारांचीच घ्या ना. इतक्या वर्षांनी ती सोपी जाईल."

"हिच्यात तारा जोडीने असतात. एकटीने वाजवली तरी दोघी वाजवतायत असं वाटतं."

चर्चमध्ये आम्ही दोघी बहिणी वाजवायचो. सुवार्ताताई आपली गिटार कानानेच लावायची आणि दरवेळी ती माझ्यापेक्षा केसभर चढी लागायची. नाताळच्या तालमीत एकदा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, तू नुसती गा. गिटार माझी एक पुरे." ती हसली, गिटार पिशवीत घातली आणि पुन्हा कधीच काढली नाही. मग मलाही एकटीने वाजवावंसं वाटेना. यंदा मार्चमध्ये ताई गेली.

दुकानदाराने बाराही तारा अगदी नीट जुळवून दिल्या. मी हात फिरवला. सूर स्वच्छ होता, पण एकटीचाच होता. मी एका जोडीतल्या दुसऱ्या तारेची खुंटी किंचित पिळली.

"मॅडम, ती तार चढली."

"राहू द्या," मी म्हणाले. "तिची तशीच लागते."