साडूची शिट्टी

म्हातारा झालेला तो रॉक बँड पुन्हा एकत्र येणार का, नवी गाणी काढणार का, यावरून वायरमन आणि त्याचा साडू नेहमी वाद घालत. "येणार. मला आतून कळलंय," साडू ऐटीत म्हणायचा, आणि वायरमनच्या पोटात दुखायचं.

रविवारी दुपारी घरी एकटाच असताना वायरमनने बँडच्या एका कार्यक्रमाची तबकडी लावली. दोघांच्याही जन्माआधीची. टाळ्यांच्या गदारोळात एक शिट्टी वाजली, शेवटाला फाटणारी. अशी फक्त साडूच मारतो.

"इथेही हाच पुढे," वायरमन जळफळला. स्पीकरला तोंड लावून त्यानेही सणसणीत शिट्टी मारली.

गाणं थांबलं. टाळ्याही थांबल्या.

"बाहेर कोण राहिलंय?" गायकाने विचारलं.

स्पीकरमधून पावलं जवळ येऊ लागली. "आमचे साडूभाऊ आहेत," ओळखीचा आवाज म्हणाला. "आणतो त्यांना."