बावन्न गुण

प्रयोगशाळेच्या किल्ल्या म्हातारा शिपाई अबू लैसकडून काढून घेतल्या, तेव्हा सुंदुस तिसऱ्या रांगेत बसून केबलला कनेक्टर बसवत होती.

"एकवीस वर्षं झाली मला इथे," अबू लैस एवढंच म्हणाला.

"चौकशी होईपर्यंत घरी बसा, अम्मो," विभागाच्या कारकुनानं किल्ल्या खिशात टाकल्या. सगळं कॉलेज त्याला अम्मो, म्हणजे काका म्हणे. "वरून हुकूम आहे."

म्हातारा निघाला. दारात थांबून मुलांना म्हणाला, "जाताना संगणक बंद करा रे. नाहीतर बोलणी मलाच बसतील." मागून कोणीतरी हसलं. सुंदुसनं मान वर केली नाही.

गुणांच्या यादीत कोणीतरी चोरून शिरलं होतं, हे जॉर्डनमधल्या इर्बिदच्या त्या कॉलेजात आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. नेटवर्किंग शिकवणाऱ्या डॉक्टर नवाफ यांचा पासवर्ड वापरून, प्रयोगशाळेतल्या चौदा नंबरच्या संगणकावरून. त्या वेळी डॉक्टर भाच्याच्या लग्नात होते. कोण शिरलं, काय बदललं, हे ती जुनी यंत्रणा सांगत नव्हती. पण किल्ल्या अबू लैसकडे असत, आणि त्याचा पुतण्या त्याच वर्गात होता. लोकांना तेवढं पुरलं.

शिरली होती सुंदुस.

नेटवर्किंगचा पेपर बरा गेला, असं तिला वाटलं होतं. कच्चा निकाल लागला आणि पडद्यावर तिच्या नावापुढे आकडा दिसला: ४८. पास व्हायला पन्नास लागत. तिनं नाव तीनदा वाचलं. मग तिला एकेक आठवत गेलं. तिसऱ्या प्रश्नात दोनदा खाडाखोड केली होती. शेवटचा प्रश्न घाईत उरकला होता. तासाभरात तिची खात्रीच पटली, की आपल्याला काही म्हणजे काही येत नाही.

फेरतपासणीचा अर्ज करता आला असता. पण अर्ज करणाऱ्यांची यादी विभागाच्या दारावर लागते, नावानिशी. आणि तिकडे रमथाला टायरच्या दुकानात बसून तिचा बाप येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत असे, "माझी पोर इंटरनेटची इंजिनियर होतेय. तुमच्या फोनमध्ये जे काय येतं ना, ते ती पाठवणार."

युक्ती डॉक्टरांनीच शिकवली होती. जाळ्यातून जाणारा मजकूर कुलूपबंद नसेल, तर वाटेत बसलेला कोणीही तो वाचू शकतो, हे त्यांनी प्रात्यक्षिकात करून दाखवलं होतं. "पोस्टकार्ड पोस्टमननं वाचलं, तर तक्रार कोणाकडे कराल?" असं ते म्हणाले, तेव्हा वर्ग खळखळून हसला होता. गुणांचं पान असंच जुनं आणि उघडं होतं. कच्च्या निकालानंतर दोन दिवसांनी डॉक्टर प्रयोगशाळेतच ते पान उघडून बसले. सुंदुस वाटेत बसली.

डॉक्टर लग्नाला गेले, तेव्हा त्यांच्याच पासवर्डानं शिरून तिनं बावन्न लिहिले. त्याहून जास्त लिहायला हात धजला नाही.

पक्का निकाल लागला, तेव्हा बापानं परातभर गोड कुनाफा आणून गल्लीत वाटला. सुंदुसनं आपला तुकडा ताटलीत तसाच ठेवला.

"खा की, इंजिनियरबाई," बाप म्हणाला. "सगळ्या गल्लीनं खाल्ला, आणि जिच्या नावाचा, तीच उपाशी!"

किल्ल्या गेल्यावर आठवड्यानं अबू लैस तिला बसथांब्यावर भेटला. दाढी वाढलेली, हातात भाजीची पिशवी. तिनं तोंड फिरवायच्या आत त्यानं ओळखलं.

"नऊ नंबरचा पंखा अजून घरघरतो का गं?"

"हो, अम्मो."

"त्याला दोन थेंब तेल घालायला सांग कोणाला तरी." मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाला, "पोरी, लोक सलामाला सलाम देईनात. मशिदीत मी आता मागच्या रांगेत उभा राहतो. चोरी केली नाही, पण वागायला मात्र चोरासारखं लागलोय."

बस आली. तो चढला. सुंदुस चढली नाही. ती तशीच उलट्या पावली कॉलेजात परतली.

डॉक्टर नवाफ खोलीत होते. चौकशी समितीसाठी मागवलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेबलाशेजारी रचलेले होते, अजून सुतळीत बांधलेले.

"बस," ते म्हणाले.

"नको, उभ्यानंच सांगते. गुण मी बदलले, डॉक्टर. माझे. अबू लैसना यातलं काही माहीत नाही."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

"नापास झालीस म्हणून?"

"हो."

"अगं, मग माझ्याकडे का नाही आलीस?"

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटते. पण आता ती सोसवत नाही."

"याला शिक्षा एकच आहे, कॉलेजातून नाव कमी होतं. ते माझ्या हातात नाही. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

तिनं कबुली लिहून सही केली. बापाचं नाव लिहिताना अक्षर वाकडं आलं. डॉक्टरांनी कारकुनाला बोलावलं. "हा कागद कुलसचिवांकडे दे. आणि अबू लैसला फोन कर, उद्यापासून ये म्हणावं. माफी मी स्वतः मागेन."

कारकून कागद घेऊन गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली आणि विरली. किती दिवसांनी सुंदुसला पुरता श्वास घेता आला.

"तुझी उत्तरपत्रिका सोबत जोडावी लागेल," डॉक्टर म्हणाले. त्यांनी गठ्ठ्याची सुतळी सोडली, नावं बघत बघत एक उत्तरपत्रिका बाहेर ओढली, आणि पहिल्या पानाकडे बघतच राहिले.

"डॉक्टर?"

त्यांनी चष्मा काढला आणि उत्तरपत्रिका टेबलावरून हळूच तिच्यासमोर सरकवली.

वरच्या कोपऱ्यात, लाल शाईनं, त्यांच्याच हस्ताक्षरात लिहिलं होतं: ८४.